पंगतीत मांडलेल्या होड्या

जेवायला बसायच्या आधी मी पाट उलटा करून बघतो. आमच्या घरात आता सगळ्यांना याची सवय झाली आहे, पण परक्या घरी पंचाईत होते. मागच्या वर्षी मुलीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा विहीणबाईंनी रांगोळी काढून मांडलेला पाट मी सगळ्यांसमोर उचलला, खालून निरखला आणि परत ठेवला. विहीणबाईंना वाटलं, मी धूळ शोधतोय. व्याह्यांना वाटलं, मी सागवान खरं की खोटं ते बघतोय. मुलगी तेवढी शरमेने आत निघून गेली, कारण तिला ठाऊक होतं की तिचा बाप पाटाखाली होडी शोधतो.

पाटाखाली होडी कशी गेली, ते आज सांगूनच टाकतो.

मी लाकडाचा पारखी. शहापूरच्या बाजूला, स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर एका व्यापाऱ्याची वखार आहे. तिथे मी मिसरूड फुटत असताना चिकटलो तो अजून चिकटलेलाच आहे. पारखी म्हणजे उभं झाड पाहून त्याच्या पोटातलं सांगणारा, असं मी लोकांना सांगत असे, आणि लोकांचाही त्यावर विश्वास होता. माझा स्वतःचा तर फारच होता.

बाकीचे पारखी सरळ झाडं शोधतात. घराच्या तुळईला सरळ हवं, खांबाला सरळ हवं, रेल्वेच्या रुळांखाली घालायलाही सरळच हवं. मी मात्र वाकडी झाडं शोधत हिंडायचो. कारण माझी गिऱ्हाइकं मासेमारीच्या होड्या बांधणारी होती.

ज्यांनी होडी उलगडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडीत एकच लांब सरळ लाकूड असतं, तळातून जाणारा कणा. त्याला पठाण म्हणतात. एका होडीला एकच पठाण, कमी नाही, जास्त नाही. त्या कण्यावर दोन्ही बाजूंनी बरगड्या बसतात, त्यांना वाक म्हणतात. वाक सुताराने तासून गोल केलेला चालत नाही. तो झाडानेच वाकवलेला असावा लागतो, नाहीतर लाटेचे चार तडाखे बसले की लाकूड शिरेवर उकलतं. म्हणून होडीचे मेस्त्री मला बांबूच्या कामट्यांचे साचे आणून देत आणि मी ते खांद्यावर टाकून शहापुरापासून मुरबाडच्या डोंगरांपर्यंत झाडांना लावून बघत फिरे. खुरपणीला आलेल्या बाया एकमेकींना म्हणत, "बघ गो, झाडांची मापं घेतोय. सदरे शिवाचे असतील."

गंमत अशी की मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. काळू नदीच्या पलीकडे खारं पाणी कसं असतं ते मला माहीत नव्हतं. पण मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजाराच्या कडेला चार माणसं जमली की मी छाती काढून सांगायचो, "दोन देशांची आरमारं मी उभी केलीत."

दोन देश हे खोटं नव्हतं. माझं एक गिऱ्हाईक होतं पांडू मेस्त्री, वसईपलीकडच्या एका कोळीवाड्यातला. म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखातला, आपला. दुसरा रणछोड मिस्त्री, दमणचा. म्हणजे फिरंगी, पोर्तुगीजांच्या हद्दीतला, परक्या देशाचा. दोघंही पौषात म्हशाची जत्रा भरली की येत, जत्रा करत आणि मग लाकडं ठरवत.

पांडू मेस्त्री म्हणजे गिऱ्हाइकातलं रत्न. साचा लावायचा, वाक जुळला की "चला, पुढचा." दोन दिवसांत त्याच्या गाड्या भरून निघत. वाकही मला फार लांबून आणावे लागत नसत. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर पाला-फांद्या रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी शेतकरी दरसाल बांधाजवळच्या ऐनाच्या फांद्या छाटतो. दरसाल हातपाय तोडलेलं झाड सरळ वाढणार कसं? ते अंग चोरून, कोपर काढून, पाठ वाकवून वाढतं. ती कोपरं आणि पाठी पाहून मला आनंदाचं भरतं येई. होडीच्या बरगड्या शेताच्या बांधावर तयार उभ्या.

रणछोड मिस्त्रीला मी तीच कोपरं दाखवली की तो मान हलवायचा. त्याची तऱ्हा अशी की तो लाकडाच्या टोकाशी चक्क पालथा पडे, कान लावी आणि आपल्या भावाला दुसऱ्या टोकावर बोटाच्या पेराने टकटक करायला सांगे. बराच वेळ ऐके. मग उठून, पोटाची माती झटकत म्हणे, "आ लाकूड नको. याच्या पोटात दुखते."

"अहो मिस्त्री, वाक बघा कसा बसलाय."

"वाक सरस छे. पोट खराब."

मग तो मला वर डोंगरात घेऊन जाई, जिथे राबासाठी कुणाची कोयती पोचत नाही अशा उतारावर. तिथली ऐनाची झाडं वाऱ्याने आणि उताराने आपोआप वाकलेली असत. ती शोधता शोधता एका होडीची लाकडं जमायला त्याला कधीकधी दोन हिवाळे लागत. तो गेला की मी वखारीत त्याचा खेळ करून दाखवायचो. जमिनीवर पालथा पडून, ओंडक्याला कान लावून, डोळे मिटून म्हणायचो, "बाई अडल्येत. सुईण बोलवा." आमचे मालकसुद्धा गादीवर लोळून हसत. इतकी वर्षं मी तो खेळ केला आणि दर वेळी तो रंगला.

आता पाटाकडे येतो. पठाणाचा सागाचा सोट पडला की त्याच्या एका टोकाला सरकारी शिक्का बसे आणि दुसऱ्या टोकाला आमच्या वखारीची खूण. आपल्या बाजूच्या गिऱ्हाइकाला गोल, फिरंगी बाजूला फुली. शेजारी होडीच्या मालकाचं चिन्ह मेस्त्री स्वतः छिन्नीने कोरी, म्हणजे वखारीत सोटांची अदलाबदल व्हायला नको. कुणाचं वल्हं, कुणाची चंद्रकोर, कुणाच्या नुसत्या रेघा. पण आमच्या खुणेचं टोक उन्हाने चिरून जायचं. म्हणून गाडीत भरताना तिकडची चार बोटं जाडीची चकती कापून टाकत. सोट समुद्राकडे जाई आणि चकती गाडीवानाची होई, हा रिवाज. आमचे सगळे गाडीवान जवळच्या शेणवे गावचे. त्यांच्या बायका त्या चकत्या तासून त्यांचे पाट करत. शेणव्यात एकही घर असं नव्हतं की जिथे एखाद्या कोळ्याच्या होडीचं बूड बसायला नव्हतं.

मग जगभरची दुसरी मोठी लढाई आली. सागवान सरकारने आपल्या कामासाठी ओढून घेतलं आणि पठाणाला लागेल एवढा लांब सोट परवान्याशिवाय तोडायची बंदी झाली. त्याच हिवाळ्यात हिराबाई आली.

हिराबाई ही पांडू मेस्त्रीच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. स्वतः मेस्त्रीने तिला आणून वखारीच्या दारात उभं केलं होतं. तिची होडी पावसाळ्याच्या तोंडावर गेली होती. घरात दोन दीर आणि एक मुलगा असे कर्ते पुरुष, पण हातात जाळं आणि पायाखाली काही नाही. दुसऱ्याच्या होडीवर वाटेकरी म्हणून जायचे. तिने वखारीच्या पायरीवर बसून सांगितलं, "दादा, एक पठाण पायजे. तो मिळाला नाय तर पोरगा गिरणीत जायाचा म्हनतो. एकदा गिरणीत गेला की तो दर्याचा राहत नाय."

परवाना ज्यांच्या हातात होता त्या अधिकाऱ्यांना आम्ही रावसाहेब म्हणत असू. माणूस सरळ होता. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "वरून विचारलंय की आपल्या कोळ्यांच्या होड्या आणि फिरंगी हद्दीतल्या होड्या यांत जास्त कुणाच्या, आणि गेल्या दहाबारा वर्षांत कुणाच्या वाढल्या. आपल्या कमी पडत असतील तर सागाचे सोट सोडू. पुष्कळ असतील तर लढाई संपेपर्यंत थांबा. तुमच्या वखारीचे कागद आणा."

वखारीचे जुने कागद वाळवीने केव्हाच वाचून संपवले होते. पण मला एकदम पाट आठवले. एका होडीला एक पठाण, एका पठाणाची एक चकती. दोन देशांची आरमारं शेणव्यात घरोघरी पडली होती, फक्त ती एकत्र आणायची. आणि तीही आयतीच एकत्र येणार होती, कारण आमचा जुना गाडीवान गोमा याच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं आणि लग्नाच्या पंगतीला गावातले सगळे पाट मांडवात यायचे.

मी रावसाहेबांना घेऊन शेणव्याला गेलो. हिराबाईला आणि पांडू मेस्त्रीलाही घेतलं. वाटेत तिला म्हणालो, "आज तुमचं काम होणार. तो रणछोड दर जत्रेला येतो, त्याच्याकडे होड्यांचा सुकाळ असणार."

पोचलो तेव्हा वऱ्हाड हातपाय धुऊन पाटांवर बसत होतं. पत्रावळी पडल्या होत्या, भात अजून यायचा होता. मी मांडवाच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "मंडळी, जरा उठा. सरकारचं काम आहे."

पंगतीत बसलेल्या माणसाला उठवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वराचा मामा तांबडालाल झाला. "आमाला जेवाला बोलावलंय का हजेरीला?" त्याने गोमाला विचारलं. गोमाने माझा दंड धरला. "भाऊ, माझी पोर द्याची हाय त्या घरात."

"भात वाढायच्या आत होतं. तू फक्त पाट उलटे कर."

पाट उलटे झाले. मग मला माझ्यातला नाटक्या आवरेना. मी गोल खुणेचे पाट एका ओळीत लावले आणि फुलीचे समोरच्या ओळीत. जुने, शेणाने आणि बसून बसून काळे झालेले मांडवाच्या आतल्या टोकाला, मग कमी काळे, आणि ज्यांच्यावर अजून सागाची पिवळी झाक होती ते सगळ्यात शेवटी. म्हणजे एका नजरेत वर्षं सरकत जावीत. सुरुवातीला दोन्ही ओळी बरोबरीने चालल्या. मध्यावर फुली रेंगाळली. आणि नव्या पाटांकडे येता येता फुलीची ओळ मांडवाच्या मधल्या मेढीपाशीच संपली. गोलांची मांडव ओलांडून, अंगणातून, पार गोठ्याच्या दारात बैलांपर्यंत गेली.

मला काय वाटलं ते लपवत नाही. माझं मन भरून आलं. मी हात पसरून रावसाहेबांना म्हणालो, "बघा. हे फिरंग्याचं आरमार आणि हे आपलं. दुपटीच्या वर. आणि यातली एकूणएक होडी या दोन पायांनी शोधलेली." वऱ्हाडातल्या दोनचार जणांनी मानासुद्धा डोलावल्या.

रावसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "ठीक. म्हणजे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परवान्याची गरज दिसत नाही."

मी जागच्या जागी गार झालो. पाच मिनिटांच्या टाळ्यांसाठी मी त्या बाईचा पठाण घालवला होता. मी हिराबाईकडे बघायचं टाळत होतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गोलांच्या ओळीच्या कडेने वाकून वाकून चालत होती. एका पाटापाशी बसली आणि त्यावर बोट फिरवलं. तीन आडव्या रेघा कोरलेल्या होत्या.

"ही आमची," ती म्हणाली.

मग ती पुढे गेली, तीन रेघांचा दुसरा पाट उचलला, आणून पहिल्यावर ठेवला. पुढे जाऊन तिसरा आणला. गोठ्याच्या दारातून चौथा आणला. चारांची चवड करून रावसाहेबांसमोर ठेवली.

"ह्या चार होड्या नाय, सायब. आमच्या घराला एका टायमाला एकच होडी. ही सासऱ्याची, बुडाली. मंग ही. ही बी बुडाली. ही माझ्या घोवाची. आन ही आता पावसाळ्याआधी गेली ती."

रावसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि माणसं?"

"तीनदा पवून आली," ती म्हणाली. "एकदा नाय आली."

पांडू मेस्त्री खाली बघत होता. मग तोही गुमान उठला आणि चंद्रकोरीवर चंद्रकोर, वल्ह्यावर वल्हं अशा चवडी रचायला लागला. गोलांची ओळ गोठ्यापासून मागे हटू लागली. अंगणातून मांडवात आली, मेढीपाशी आली, मेढीच्याही आत सरकली. समोरच्या फुल्या हिराबाईने तपासल्या. तिथे चिन्हं एकेकदाच होती. एकदोन जोड्या सोडल्या तर चवड करण्यासारखं काही नव्हतं. फुलीची ओळ जिथल्या तिथे राहिली, आणि आपल्यापेक्षा लांब झाली.

ज्या गोलांकडे बोट दाखवून मी आत्ता वाढ मोजली होती, ते बुडालेल्या होड्यांचे पाट होते. दर नव्या गोलामागे एक जुना गोल समुद्राच्या तळाला गेला होता. मेस्त्रीने कधी सांगितलं नाही, त्याला नवं काम मिळत होतं. आणि मी कधी विचारलं नाही, मला नवी गोष्ट मिळत होती.

"पण पठाण तर मी निवडून दिलेत," मी म्हणालो. "एकसुद्धा किडका नव्हता."

"पठान चांगलाच व्हता, दादा. तो खाली दर्यात अजून बी चांगलाच आसंल. वाक जातात. वरनं धडधाकट दिसतात आन आतनं भुसा. एक मोठी लाट आली की होडी पुस्तकावानी उघडती."

गोमा, नवरीचा बाप, भाताचं भांडं हातात धरून उभा होता. तो अगदी सहज बोलला, "राबाचा ऐन ना तो. छाटल्या जागी पानी मुरतं, पोकळ होनारच. आमी तर त्याची खुंटी बी करीत नाय."

मी त्याच्याकडे वळलो. "गोमा, इतकी वर्षं माझे वाक गाडीतून नेलेस. एकदा तरी सांगायचंस."

"तुमी कवा इचारलात?" गोमा म्हणाला. "आमाला वाटलं, दर्याला तसलंच लागत आसंल. तुमी पारखी."

त्याने हे टोमण्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी समुद्र पाहिला नव्हता आणि त्यानेही. समुद्र पाहिलेली बाई मांडवात पहिल्यांदाच आली होती. आणि समुद्र पाहिलेला जो दुसरा माणूस दरसाल पालथा पडून मला सांगत होता, की याच्या पोटात दुखतंय, त्याचा मी खेळ करत होतो.

रावसाहेबांनी पेन्सिल परत काढली. चवडींकडे आणि ओळींकडे बघत उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं, मग हिराबाईला म्हणाले, "परवाना मिळेल." वराच्या मामाने विचारलं, "मंग आता आमी बसाचं कुठं?" खरंच, अर्धे पाट चवडींत गेले होते. हिराबाईने आपली चवड सोडली नाही. बाकीच्या मोडायलाही कुणाचा हात होईना. शेवटी वऱ्हाड जमिनीवर बसून जेवलं. मामाही बसला. पहिला घास घेण्याआधी त्याने हिराबाईला हाक मारून आपल्या शेजारी जागा करून दिली.

त्या हिवाळ्यात तिच्या वाकांसाठी मी वखार सोडून डोंगरात राहिलो म्हटलं तरी चालेल. गोमा कोयती न घेता बरोबर असे. छाटाचा एक जुना व्रण दिसला तरी झाड सोडायचं, असं ठरलं होतं. जो ऐन पसंत पडून पाडला जाई त्याच्या टोकाला मी पालथा पडून कान लावी आणि गोमा पलीकडून टकटक करी. चांगल्या लाकडातून ती टकटक कानात अशी येते, जणू दारावर कुणी आलंय. पोकळ लाकडातून ती वाटेतच कुठेतरी बसकण मारते. हे ऐकायला मला चार दिवस लागले. दहाबारा वर्षांत चार दिवस मला सापडले नव्हते. त्या वर्षी रणछोड मिस्त्री आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, खेळासकट. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. म्हणाला, "हवे संभळाय छे ने? बस." म्हणजे, आता ऐकू येतंय ना, झालं तर.

पठाण गाडीत चढवला त्या दिवशी चकती कापली. गोमाने रिवाजाप्रमाणे ती उचलली, तर हिराबाईने त्याच्या हातातून घेतली.

"हा तुमच्या पंगतीत नको. मी नेते. ही होडी गेली, तर दुसरा पठान मागाला येताना हा पाट मीच घेऊन येईन. तवा पारखी कोन ते बघू."

तेव्हापासून म्हशाची जत्रा माझ्यासाठी पूर्वीची राहिली नाही. लढाई संपली. गोल खुणेचा देश आता खरोखर आपला झाला, फुलीचा अजून फिरंग्याचाच आहे. कोळणी सुकी मासळी घेऊन जत्रेला येतातच. त्यांच्या रांगेत मी दरसाल हिराबाईला शोधतो आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नाही, काखेकडे बघतो.

यंदा ती गर्दीतून सरळ माझ्याकडे चालत आली. डाव्या काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, वाटोळं, पाटाएवढं. मी बैलाच्या दावणीचा खांब धरला. मला तिच्या मुलाचं नाव आठवेना, आणि तेच विचारायचं होतं.

तिने फडकं सोडलं. आत टोपलीभर सुके बोंबील होते, दाबून गोल बसवलेले.

"पोराने दिलेत," ती म्हणाली. "आपल्या होडीचे हायत. आन असा काय बगतो, दादा, पाट घरीच हाय. त्यावर नातू बसतो."